विंगेतली अक्का

आमच्या अक्काला कुणाचं वाक्य अडलेलं सहनच व्हायचं नाही. मग तो माणूस दारावर, म्हणजे दुखवट्याला, आलेला का असेना.

ऐंशीच्या सुमारास धुळ्यात नोकरी लागली, म्हणून मी देवपूरला नाना-अक्कांकडे, माझ्या थोरल्या काका-काकूंकडे, राहायला गेलो. त्याच वर्षी नानांच्या आई गेल्या. समोरचे कापडवाले शेठजी भेटायला आले, नानांपुढे बसले आणि "फार... फार..." वर अडकले. दाराआडून अक्काचा दबका आवाज आला, "फार वाईट झालं."

"फार वाईट झालं," शेठजी म्हणाले.

"वय झालं होतं म्हणा."

"वय झालं होतं म्हणा."

मला हसू आवरेना. नाक शिंकरायचं निमित्त करून मी मोरीत पळालो.

त्याचं असं, की नाना तरुणपणी हौशी मंडळात नायकाची कामं करायचे. पार जळगावपर्यंत प्रयोग व्हायचे. माणूस देखणा, आवाज खडा, पाठांतराच्या नावानं मात्र बोंब. म्हणून अक्का वीस-पंचवीस वर्षं विंगेत वही धरून उभी. "शब्द नटाला ऐकू जावा, पहिल्या रांगेला नाही," हे तिचं शास्त्र. टाळ्या अर्थातच नानांना. तिला नाटकंच्या नाटकं पाठ होती, पण तुला काम करायचंय का, असं कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही. आता त्याची लाज वाटते.

मंडळ बंद पडलं, खोड राहिली. माझ्यासाठी मुलगी बघायला आम्ही एरंडोलला गेलो. नानांनी विचारलं, "नाव काय बाळ?" मुलगी गप्प. माझ्या मागून अक्का पुटपुटली, "पुष्पा." मुलगीही घाबरून म्हणाली, "पुष्पा." तिचं नाव मंगल होतं. पुष्पा आम्ही आदल्या आठवड्यात बघितलेली. पुढे लग्नात मंगलचं नाव पुष्पाच ठेवलं. म्हटलं, अक्काचं वाक्य पडायला नको.

एकदा मेथी निवडताना अक्का तिला म्हणाली, "तुझं नाव चुकीचं का होईना, हा घेतो तरी. आमच्याकडे पन्नास वर्षं नुसतं 'अगं'. यांनी एकदा सुमन म्हणून हाक मारलेली ऐकायचीय मला. बाकी काही नको."

पुढे नानांचं डोकं विस्कटत गेलं. जुने संवाद घडाघडा म्हणायचे, पण हे घर कुणाचं, ते कळेना. एका संध्याकाळी त्यांनी अक्कालाच विचारलं, "बाई, आपण कोणाकडे आलात?"

अक्का त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि हलकेच म्हणाली, "ही माझी बायको. सुमन."

नानांनी हात पुढे करून खणखणीत वाक्य टाकलं, "ही माझी बायको. सुमन!"

समोर पुष्पा चहा घेऊन उभी होती.

"वाक्य पडलं नाही ना, झालं तर," असं म्हणून अक्का आत गेली. पुष्पाला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का मुद्दाम नानांच्या समोर बसली आणि तेच वाक्य तिनं तीनदा सांगितलं. नाना नुसते तिच्याकडे बघत राहिले. समोरून आलेला शब्द उचलायची त्यांना सवयच नव्हती. अक्का चिडली की माहेरची बोली बोलायची, 'सगळं'चं 'बठ्ठं' व्हायचं. "बठ्ठं मीच सांगू का?" म्हणाली, आणि मग डोळे पुसत बसली. त्यानंतर तिनं तो नाद सोडला.

अक्काच आधी गेली, दोन दिवसांच्या तापात. चौथ्या दिवशी शेठजी काठी टेकत आले. नानांपुढे बसले. "फार... फार..." म्हणाले आणि अडकले. आम्ही सगळे खाली माना घालून बसलेलो.

नानांनी मान वळवली. आतल्या दाराकडे कान देऊन ते बराच वेळ थांबले. मग पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

"सुमन, पुढचं सांग."