पाळणा कोणी अडवला?

माझ्याविषयी थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण माझ्यात थोडकं असं काहीच नाही. नजर घारीची, कान सशाचे, नाक वडिलांचं. बंद दाराआड कोण कसला कट शिजवतंय हे मी नुसत्या कडीकडे बघून सांगतो. दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा आत कोणी नव्हतं, पण कट शिजवून माणसं निघून गेली असतील तर त्याला मी काय करणार?

पगाराच्या नोंदीत माझा हुद्दा ‘मदत कक्ष’ असा आहे. मोठ्या गुप्तहेरांना असं वेशांतर करावंच लागतं. माझ्या हाताखाली एक सहायक आहे, माझी मेव्हणी. ती इथे माझ्या आधीपासून आहे, मला तिच्याच शब्दावर घेतलं आणि मीच तिच्या हाताखाली आहे, असा तिचा एक समज आहे. मी तो मोडत नाही. नात्यात एवढं सांभाळून घ्यावं लागतं.

आमचा कारखाना लाकडी सामानाचा. खुर्च्या, टेबलं, कपाटं आणि पाळणे. विक्रीचं सॉफ्टवेअर वेगळं, गोदामाचं वेगळं, रवानगीचं वेगळं, हिशेबाचं वेगळं. चौघं एकाच घरातल्या अबोला धरलेल्या जावांसारखी, एकीचं दुसरीला कळायचं नाही. म्हणून मालकीणबाईंनी पाचवं सॉफ्टवेअर आणलं. त्याचं काम एवढंच, की हिचं तिला सांगायचं आणि तिचं हिला. त्याचं खरं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला ‘मध्यस्थ’ म्हणू लागले.

मध्यस्थ आला त्या दिवशी मालकीणबाईंनी सगळ्यांना बजावलं, “आजपासून ‘आलं का, मिळालं का’ असे फोन बंद. एकाने ऑर्डर घालायची, बाकीच्यांनी हात मांडीवर ठेवायचे. पुढचं तो बघेल.”

आणि तो बघायचाही. किरकोळ ऑर्डरी तर अशा पळवायचा, की कोणा अनोळखी माणसाने एक स्टूल मागवावं आणि चहा गार व्हायच्या आत ते गाडीत चढावं. गडबड झाली ती पाळण्याची.

गोदाम ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना सगळे मामा म्हणतात. मामांच्या लेकीचे दिवस भरत आले होते. “तुझ्या बाळाला आमच्याच कारखान्याचा पाळणा,” असा शब्द त्यांनी तिला तिच्या लग्नाआधीपासून देऊन ठेवला होता. पाळणा तयारही होता. नक्षीदार दांड्यांचा, मधाच्या रंगाचा. पण तो होता यांत्रिक कपाटात. हे कपाट म्हणजे छताला टेकलेला लोखंडी मनोरा, भोवती जाळी. आतला यांत्रिक हात ऑर्डर पोचल्याशिवाय खिळासुद्धा खाली देत नाही. मामांच्या लेकीची ऑर्डर निघाली होती आणि वाटेत कुठेतरी हरवली होती.

रोज दुपारी जेवण झालं की मामा जाळीशी उभे राहून वर बघत. दळताना गुणगुणावं तसं गुणगुणत,

उंच उंच गं माळ्यावरी पाळणा हा झुलेचिना,
लेकीच्या गं माझ्या लेका, वाट तुझी खुलेचिना.

मी मागे जाऊन उभा राहिलो की म्हणत, “दिसतोय हो. पण हात पोचत नाही.”

एवढं ऐकल्यावर कोणता गुप्तहेर स्वस्थ बसेल? मी प्रकरण हाती घेतलं.

“भाऊजी, आधी मध्यस्थाच्या आत बघू या का?” मेव्हणी म्हणाली. “पिवळ्या पट्ट्या फार येतायत हल्ली.”

पिवळी पट्टी म्हणजे पडद्याच्या माथ्यावर येणारी सूचना. लाल आली की मला बोलवायचं आणि पिवळी आली की फुलीवर टिचकी मारून मिटवायची, अशी शिस्त मीच सगळ्यांना लावली आहे.

“पडद्यावर लिहिलेलं वाचून कोणी गुप्तहेर झालाय का?” मी म्हटलं. “गुन्हेगार लिहून ठेवत नाही. आपण माणसं वाचायची.”

तिने नुसती भुवई उचलली. तिची भुवई फार बोलकी आहे.

पहिला संशय हिशेबरावांवर. मध्यस्थ येण्याआधी विक्रीचे आकडे हिशेबात उतरवायचे ते हेच, म्हणजे हेतू ठरलेला. शिवाय मी आत गेलो तेव्हा ते हसले.

“मध्यस्थाबद्दल तुमचा अनुभव काय?” मी सहज विचारल्यासारखं केलं.

“चांगला आहे. पूर्वी चुका मी करायचो, आता तो करतो. माझी पाठ दुखायची थांबली.”

“मग हसलात का?”

“तुमच्या शर्टाची बटणं एक घर चुकलीयत.”

मी बटणं नीट केली आणि त्यांचं नाव खोडलं, कारण इतकी बारीक नजर असलेला माणूस पाळण्यासारखी मोठी वस्तू चोरणार नाही.

मग विक्रीकाकू. विक्रीच्या खोलीत फोन सारखा वाजतो आणि काकू दोन फोनांच्या मध्ये जेवतात, दोन घासांच्या मध्ये बोलतात.

“अनुभव? जावई आलाय घरात असं वाटतं बघा. तोंडावर काही बोलता येत नाही, पाठीमागे चैन पडत नाही. ऑर्डर घातली की वाटतं, पोचली असेल ना? विचारायची बंदी. मग बसायचं जीव मुठीत घेऊन.”

“पाळण्याची ऑर्डर तुम्ही घातलीत?”

“म्हणजे काय. सगळ्यात आधी.” असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. कांदा नव्हता. मी तशी नोंद घेतली.

रवानगीदादा गाड्यांच्या आवाजात ओरडून बोलतो आणि शांततेतही ओरडूनच बोलतो.

“मध्यस्थ ना? माणूस चांगलाय,” तो ओरडला. “पण महत्त्वाचं काम दिलं की बावचळतो. मागे मालकीणबाईंच्या मैत्रिणीचं टेबल गेलं नाही. त्या तक्रारवाल्या गिऱ्हाइकाच्या खुर्च्या गेल्या नाहीत. बाकी सगळं सुरळीत.”

इथे माझे सशाचे कान उभे राहिले. हरवतात त्या ऑर्डरी फक्त महत्त्वाच्या. म्हणजे चोर निवडून उचलतोय. म्हणजे चोर आतला आहे. म्हणजे...

“म्हणजे काय, भाऊजी?” मेव्हणीने विचारलं.

“म्हणजे मध्यस्थाला मत्सर वाटतो,” मी म्हटलं. “आपण ज्याच्यावर जीव लावतो ते त्याला बघवत नाही. सवतीचा स्वभाव आहे त्याचा.”

“जोडणीच्या सॉफ्टवेअरला?”

“जोडणाऱ्यांच्याच मनात असं असतं. माझं लग्न ठरवणारे काका आठव.”

“तुमचं लग्न माझ्या ताईने स्वतः ठरवलं होतं. काका शेवटपर्यंत नाही म्हणत होते.”

तिच्या बोलण्याला पुरावा नसल्यामुळे मी पुढे सरकलो. मत्सरी गुन्हेगाराला पकडायचा तर आमिष हवं. मी गुपचूप, कोणालाही न सांगता, तोच पाळणा, तोच पत्ता, अशी आणखी एक ऑर्डर मध्यस्थात सोडली आणि दबा धरून बसलो. पडद्यावर पिवळी पट्टी आली. मी ती मिटवली, कारण दबा धरताना उजेड नको. जरा वेळाने बघतो तर माझी ऑर्डर गायब. सापळ्यासकट उंदीर पळाला होता.

दरम्यान कळफलकाच्या फटीत मला बिस्किटाचा चुरा सापडला आणि बाहेरच्या माणसाचा हात असल्याचा नवा धागा मिळाला. तो मी दोन तास धरून ठेवला. मग मेव्हणी म्हणाली, “हा तुमचा कळफलक आहे, भाऊजी.” धागा सुटला.

मामा मात्र दिवसेंदिवस वाळत चालले. लेकीला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता कधीही. मामा घरी जाताना मान खाली घालून जात. “तिने विचारलं तर काय सांगू?” म्हणायचे. “पन्नास पाळणे माझ्या हातून लोकांच्या घरी गेले. माझ्याच घरचा नाही.” घारीची नजर अशा वेळी बुटांकडे वळते.

शेवटी मी मोठ्या गुप्तहेरांचा हुकमी डाव टाकायचं ठरवलं, सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवायचं. गोदामातच, यांत्रिक कपाटासमोर, विक्रीला काढायच्या खुर्च्या गोल मांडल्या. काकू आल्या, दादा आला, हिशेबराव आले. मालकीणबाईही आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. मामा जाळीला टेकून होते.

मी हात मागे बांधून येरझाऱ्या घातल्या. “या खोलीतल्या एका माणसाने...”

तेवढ्यात दारातून मामांची लेक आली. पोट पुढे, हात कमरेवर, पावलं संथ. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून चालत चालत बापाला बघायला आली होती. काकूंनी धावत जाऊन तिला खुर्ची दिली, दादाने दुसरी दिली, हिशेबरावांनी पायाखाली स्टूल सरकवलं.

“चालू द्या तुमचं,” ती म्हणाली. “कशावर बोलताय?”

“तुझा पाळणा कोणी अडवला यावर,” मी म्हटलं.

तिने वर बघितलं. मधाच्या रंगाचा पाळणा जाळीआड चमकत होता. “छान आहे हो बाबा,” ती हळूच म्हणाली. मग आमच्याकडे वळली. “पण याची ऑर्डर घातली कोणी?”

“मी,” काकू म्हणाल्या.

“मी पण,” दादा म्हणाला, आणि आयुष्यात प्रथमच हळू बोलला.

हिशेबरावांनी खाकरून बोट वर केलं. “मी बिलाच्या बाजूने एक घातली होती. म्हटलं, काकूंची कुठे अडकली असेल तर...”

“मी गोदामाच्या बाजूने,” मामा म्हणाले. “दोनदा.”

सगळे दाराकडे बघू लागले. मालकीणबाई छताकडे बघत होत्या. “मी आपली घरून, फोनवरून,” त्या म्हणाल्या. “नियम माझाच आहे, ठाऊक आहे मला.”

मग मेव्हणीने माझ्याकडे बघितलं. मीही हात वर केला. “आमिष म्हणून,” मी खुलासा केला.

लेक हसायला लागली. पोटावर हात ठेवून हसली. “अहो, म्हणजे एकाच घरात एकाच बाळासाठी इतके पाळणे मागवले तुम्ही. तो बिचारा गोंधळला असेल.”

मेव्हणी गोदामातल्या संगणकाशी गेली आणि तिने पिवळी पट्टी न मिटवता उघडली. आत लिहिलं होतं, ‘एकाच पत्त्यावर एकसारख्या ऑर्डरी आल्या आहेत. खरी कोणती ते निवडा, तोवर सगळ्या थांबवल्या आहेत.’ खाली पाळण्यांची रांग. त्याखाली मालकीणबाईंच्या मैत्रिणीच्या टेबलांची रांग. त्याखाली तक्रारवाल्याच्या इतक्या खुर्च्या, की त्याचं घर भरून अंगणात आल्या असत्या.

मामला एवढाच होता. परक्याच्या स्टुलाची काळजी कोणाला नव्हती, म्हणून ते धावत जायचं. ज्याच्यावर सगळ्यांचा जीव, त्याची ऑर्डर प्रत्येकजण बाकीच्यांपासून लपवून पुन्हा घालायचा आणि मध्यस्थ हात जोडून विचारत बसायचा, खरी कोणती? आम्ही त्याचं तोंड टिचकी मारून बंद करायचो.

“मग आता खरी कोणती?” मेव्हणीने विचारलं.

इथे नवीनच पेच पडला. काकू म्हणाल्या, मामांची ठेवा. मामा म्हणाले, काकूंनी आधी घातली, त्यांचा मान. दादा म्हणाला, मालकीणबाईंची कशी पुसायची. मालकीणबाई म्हणाल्या, माझी मुळात बेकायदेशीर आहे. मी माझ्या आमिषाचं महत्त्व सांगू लागलो, तर कोणी ऐकेना.

“बाबांची घ्या,” लेक म्हणाली. “दोनातली पहिली.”

बाकीच्या पुसल्या. मामांनी एक टिचकी मारली.

“आता कोणी काही करायचं नाही,” मेव्हणी म्हणाली. “हात मांडीवर.”

माझ्या कारकिर्दीतला तो सर्वात खडतर काळ. काकूंचा हात फोनकडे सरकला, दादाने तो धरला. दादाचा पाय दाराकडे वळला, हिशेबरावांनी खुर्ची आडवी घातली. हिशेबराव खिशात काहीतरी चाचपू लागले, तेव्हा मालकीणबाई नुसत्या “अं?” म्हणाल्या. मी स्वतःच्या हातांवर बसलो.

मग मनोऱ्यात घरघर झाली. यांत्रिक हात वर गेला, थांबला, जणू पुन्हा विचार करतोय, आणि मधाच्या रंगाचा पाळणा अलगद उचलून खाली आणू लागला. येता येता तो जरासा झुलला. मामा गुणगुणत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत. बहुतेक नवे होते.

त्याच संध्याकाळी पाळणा गाडीने लेकीच्या घरी पोचला. प्रकरणाच्या अहवालात मी स्पष्ट लिहिलं आहे, की संशयितांना एकत्र बसवण्याची कल्पना माझी. मेव्हणीने खाली सही केली आणि माझी बटणं पुन्हा चुकल्याचं सांगितलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी काकू धापा टाकत आमच्या कक्षात आल्या. “कळलं का? मामांना नात झाली. दोघी सुखरूप.”

त्या वळतात न वळतात तोच दादा जिन्यातूनच ओरडला, “नात झाली.” मग हिशेबराव दारात येऊन हळूच म्हणाले, “मुलगी आहे. वजन चांगलं आहे.” मग मालकीणबाईंचा फोन. “तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून...”

“काय सांगता?” मी दर वेळी म्हणत होतो.

शेवटी मामा आले. दाढी न केलेली, डोळ्यांत झोप नाही, सदरा चुरगळलेला. मागोमाग सगळेच कसलंतरी काम काढून आमच्या खोलीत जमले. मामा सगळ्यांकडे बघत राहिले.

“तुम्हाला कळलं असेलच,” ते म्हणाले.

मी काकूंकडे पाहिलं, काकूंनी दादाकडे, दादाने हिशेबरावांकडे.

“नाही हो, मामा,” आम्ही सगळे एकदम म्हणालो. “काय झालं?”