भोपळ्याची हजेरी

सयाजी मोहिते कारखान्यात टाइमकीपर होता आणि घरी आल्यावरही टाइमकीपरच असायचा. पिंपरीच्या चाळीमागं कंपनीनं कामगारांना एकेक वाफा दिला तेव्हा त्यानं भोपळ्याची वेल लावली आणि दाराला तक्ता ठोकला. वेल किती वीत, पानं किती, फुलं किती, रोज पहिल्या भोंग्याआधी नोंद. अट एकच होती. वैशाखात वेल्फेअर साहेब पाहणीला येणार आणि ज्याचा वाफा पिकाविना दिसेल त्याचा काढून घेणार. सत्तावन्न साल उजाडेपर्यंत मोहित्यांच्या सात पिढ्यांनी दुसऱ्याचीच जमीन कसली होती. हा वाफा खाटेएवढा, पण सयाजीचा जीव त्यात अडकला होता.

चैत्रात फुलं आली. सयाजी उकिडवा बसून तासन्‌तास बघायचा. काही फुलांखाली सुपारीएवढी गाठ होती. बाकीची लांब देठावर नुसती मिरवत होती. आठ दिवस त्यानं पाळत ठेवली. ही बिनगाठीची पहाटे हजर, दुपारी मान टाकून मोकळी. काम शून्य, आणि संख्येनं तिप्पट.

"अशी चार टाळकी माझ्या खात्यातबी आहेत," तो बायकोला म्हणाला.

शालन म्हणाली, "काही तरी करत असतील की. देवानं उगाच का लावली?"

"देवाकडं मस्टर नसतं."

दुसऱ्या दिवसापासून बिनगाठीची फुलं उमलायच्या आधीच कामावरून कमी झाली. शालननं त्यांची भजी तळली. सयाजीनं मिटक्या मारत खाल्ली.

मग गाठी पिवळ्या पडून गळू लागल्या. सयाजीनं उन्हाला गोणपाट बांधलं. पाणी वाढवलं, मग कमी केलं. कोवळ्या फळाला बोट दाखवलं की ते झडतं, हे आठवून त्यानं घरात बोटबंदी पुकारली. शालन वेल दाखवायची ती कोपरानं. तरी गळती थांबेना.

शेवटी कुंपणापलीकडच्या गोजाबाईला त्यानं हाक मारली. म्हातारी पिंपरी गावातली, जुनी. तिनं वेल चाचपली, तक्ता ऐकून घेतला आणि विचारलं, बिनगाठीची फुलं कुठं गेली. सयाजीनं भज्यांचं सांगितलं.

"आरं लेका, समदे बाप्ये तळून खाल्लेस. आता पोरं काय कंपनीतनं येत्यात व्हय?"

पाहणी दुसऱ्याच दिवशी होती.

साहेब आले. बाकीच्यांच्या वाफ्यांवर त्यांनी उभ्या उभ्या नजर टाकली, पण सयाजीच्या दारातला तक्ता बघून थांबले. वाफ्यात चिखल होतो, तक्त्यात होत नाही; साहेब लोकांना जे परवडतं तेच ते बघतात. 'निरुपयोगी फुले कमी केली' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. पाठ थोपटून म्हणाले, वाफा कायम. आणि उद्यापासून भोपळ्याच्या सगळ्या वाफ्यांत हीच पद्धत, देखरेख मोहित्यांची.

सयाजीनं तोंड उघडलं. "साहेब, पण त्या फुलांचं..."

"का? तक्ता चुकीचा आहे?"

सयाजीनं वाफ्याकडं बघितलं. खाटेएवढाच होता.

"न्हाई साहेब. तक्ता बरोबर आहे."

त्या वैशाखात अख्ख्या चाळीत घरोघरी भजी झाली. भोपळा मात्र गोजाबाईच्या परड्यातून विकत यायचा, आणि सयाजी न्यायला गेला की ती त्याला आवर्जून विचारायची, "सायेब म्होरल्या साली बी येणार हाय न्हवं?"