बर्वेभाऊजींची मागची सीट

माझी शाळा चौथीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ बरंच चुकलं असेल आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, त्याबद्दल आधीच माफी मागते. ही वही मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण चुकून कोणाच्या हाती पडलीच तर त्याला आमचे बर्वेभाऊजी कळावेत, म्हणून जमेल तेवढं नीट लिहिते.

बर्वेभाऊजी रस्त्यावर उभ्या असलेल्या परक्या गाड्या वितीने मोजायचे. चालता चालता मध्येच थांबायचे, एखाद्या गाडीच्या मागच्या दारापाशी उकिडवे बसायचे आणि जमिनीपासून उंबऱ्यापर्यंत वीत टाकायचे. गाडीच्या दारालाही उंबरा असतो, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. मोजून झालं की उभे राहून बोट नाचवत म्हणायचे, "चूक तिथेच आहे!"

आम्ही तेव्हा जर्मनीत होतो, म्युनिकहून रेल्वेने दीड तासावरच्या एका गावात. आमचे हे तिथल्या इंडियन हॉटेलात आचारी. गावात एका अमेरिकन मोटार कंपनीचा कारखाना होता, त्यात भाऊजी इंजिनियर. गाडीची दारं हा त्यांचा विभाग. मूळचे पुण्याचे, पन्नाशीचे, लग्न केलेलं नाही. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकटे राहायचे आणि संध्याकाळचा डबा माझ्याकडून न्यायचे.

एकदा समोरच्या म्हातारीने त्यांना गाडीपाशी उकिडवं बसलेलं पाहिलं आणि पोलिसांना फोन केला. पोलीस आले. भाऊजींनी त्यांना ओळखपत्र दाखवलं आणि वर सुनावलं, "आल्झो, तर मूळ मुद्दा असा, की तुमच्या स्वतःच्या गाडीचं मागचं दार चुकलंय. चोराला बसवताना त्याचं डोकं आपटतं. चोर झाला तरी माणूसच आहे." एक पोलीस हसत हसत मागे बसायला गेला आणि त्याचं डोकं आपटलं. मी खिडकीतून पाहत होते. मला हसू आवरेना, म्हणून पडदा ओढून घेतला.

त्यांची अमेरिकन कंपनी तेव्हा डबघाईला आली होती. ती कशी सुधारायची हे भाऊजींना पाठ होतं. डबा न्यायला आले की दारातच सुरू व्हायचे. गाड्या जड, पेट्रोल पिणाऱ्या. आतलं प्लॅस्टिक इतकं हलकं की टकटक केलं तर रिकाम्या डब्यासारखं वाजतं. आणि जर्मनीत काय विकायचं ते अमेरिकेत बसून ठरवतात.

एकदा आमचे हे सुट्टीवर घरी होते. भाऊजींनी त्यांना विचारलं, "तुमच्या मेनूकार्डावर पदार्थ किती?"

"एकशे चाळीस," हे ऐटीत म्हणाले.

"आणि सकाळी रस्से किती करून ठेवता?"

हे मान खाजवायला लागले. "तीन."

"गेनाऊ! बरोब्बर! आमची कंपनी तेच करते. एकच गाडी, नाव आणि बिल्ला बदलून पाच दुकानांत. गिऱ्हाईक पहिल्यांदा फसतं, दुसऱ्यांदा शेजारच्या हॉटेलात जातं. पंधराच पदार्थ ठेवा, पण प्रत्येकाचा रस्सा वेगळा करा. गाडीचंही तेच."

भाऊजी वर गेल्यावर हे मला म्हणाले, "फुकट सल्ला देतोय व्हय! ह्याला उद्यापासून आमटीत पाणी वाढव."

मी वाढवलं नाही. चार युरो रोजचे ते पैसे माझे एकटीचे होते. सांगलीला आईचे दोन्ही गुडघे गेले होते. भिंतीला धरून चालायची. ऑपरेशनला भावाने अर्धे पैसे उभे केले होते, उरलेले मी पाठवते म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला मी पाठवते म्हणाले असेन.

मग जगभर मंदी आली. कंपनीने नोकरांना सांगितलं, पगारातला काही भाग कंपनीकडे राहू द्या, बरे दिवस आले की परत देऊ. लोकांनी थोडा थोडा ठेवला. भाऊजींनी भाडं आणि विमा भागेल एवढंच हाती ठेवून बाकी सगळं लिहून दिलं. "मला मागे कोण आहे?" म्हणाले. आणि त्याच दमात, डबा हातात घेऊन, "वहिनी, डब्याचे पैसे जरा थांबतील हं. नवी छोटी गाडी येतेय. ती चालली की पहिल्या पगारात सगळे देतो."

मी मान हलवली. मला दुसरं काही येतच नव्हतं.

त्या दिवसापासून अमेरिकेतली ती एवढी मोठी कंपनी आणि मी, दोघींचं नशीब एका गाडीला बांधलं गेलं. बसस्टॉपवर उभी असताना त्यांच्या कंपनीची गाडी गेली की मला बरं वाटायचं. दुसऱ्या कंपनीची गेली की राग यायचा. सुपरमार्केटच्या आवारात एक बाई तिच्या नवऱ्याबरोबर जपानी गाडीकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होती. मनात आलं, तिला धरून सांगावं, बाई, ती नको, ही घे, माझी आई चालायची राहिलीय.

सात महिने झाले. रविवार सोडून महिन्याचे सव्वीस डबे, म्हणजे सातशे अठ्ठावीस युरो. ह्यांना मी काही बोलले नव्हते. भावाचा फोन यायचा. "ताई, डॉक्टर तारीख विचारतोय. काय सांगू?" मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात सांगते." रोज संध्याकाळी ठरवायचे, आज मागायचेच. भाऊजी दारात उभे राहायचे, बिजागऱ्यांवर बोलायचे आणि माझ्या तोंडून निघायचं, "आणखी आमटी घालू?"

एका रविवारी, डब्याला सुट्टी असताना, ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, खाली चला. तुमचं काम आहे."

अमेरिकेहून तीन साहेब येणार होते. नवी गाडी अजून लाकडामातीचा नमुनाच होती, म्हणजे बदल करायला वाव होता. प्रत्येक विभागाने एकच सूचना मांडायची. कोणता विभाग ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हेही तेच ठरवणार होते. भाऊजींचा चेहरा उतरला होता.

"आमच्याकडे गाडी तपासणारे सगळे सहा फुटी, तिशीतले, जिममध्ये जाणारे. त्यांना सगळंच सोपं जातं. तुम्ही साडी नेसता. तुम्ही बसून दाखवा."

इमारतीच्या मागच्या अंगणात त्यांची गाडी उभी असायची, त्यांच्याच कंपनीची, रोज पुसलेली. मी मागच्या दाराने आत बसले. "उतरा," म्हणाले. उतरले. "बसा." बसले. त्यांनी माझ्या मांडीवर भरलेलं पातेलं दिलं. "आता उतरा." तीस वेळा तरी झालं असेल. समोरची म्हातारी खिडकीत येऊन बसली. मी लाजेने अर्धी झाले होते.

"आल्झो, काय चुकलंय?"

मी मांडीवरचं पातेलं सांभाळत राहिले.

"वहिनी, बोला ना. चांगलं नको, चुकलेलं सांगा."

काय झालं कळत नाही, मी बोलायला लागले. म्हटलं, "माझी आई भिंत धरून चालते, ती हिच्यात बसूच शकणार नाही. ती आधी पाय टाकत नाही, आधी पाठमोरी टेकते आणि मग पाय एकेक करून उचलून आत घेते. त्याला दार रुंद पाहिजे. इथे दार खाली निमुळतं होतं, तिथे पाऊल अडकतं. उतरताना धरायला काही नाही. ती सीटची कड धरील, ती गुळगुळीत. सीट खोल, उंबरा वर. खड्ड्यातून उठल्यासारखं होतं. ही गाडी चालवणाऱ्यासाठी केलीय, भाऊजी. ज्याला कोणीतरी घेऊन जायचं असतं, त्याचा विचारच केलेला नाही. आणि ऑपरेशन झाल्यावर तर महिनाभर तिचा गुडघा वाकणारही नाही…"

"कसलं ऑपरेशन?"

"गुडघ्यांचं."

"कधी आहे?"

"तारीख घ्यायचीय."

"मग घेत का नाही?"

मी पदर सारखा करत राहिले. भाऊजी माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी नजर खाली केली. हातातली मोजायची टेप आपोआप सर्रकन आत गेली. ते वर निघून गेले. पातेलं माझ्याच हातात राहिलं.

दुसऱ्या दिवशी ते डब्याला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. वर जाऊन बेल वाजवली, आत आवाज नाही. अंगणात गाडीची जागा रिकामी. संध्याकाळी ह्यांनी हॉटेलातून फोन केला, कारखान्याची माणसं जेवायला आली होती, साहेब लोक येऊन गेले आणि दोन विभाग बंद झाले म्हणत होती. हे घरी आल्यावर सगळं सांगून टाकलं.

"सात महिने?" हे खुर्चीवर बसलेच. "अगं, मला बोलायचंस तरी."

"तुम्ही त्यांचा डबा बंद केला असता."

"मग काय केलं असतं! गेला की तो पैसे घेऊन!"

"भाऊजी तसे नाहीत."

"गाडी कुठाय मग त्याची?"

भावाला फोन करून आता काय सांगायचं, ते शब्द मी मनात जुळवत होते. तेवढ्यात बेल वाजली.

दारात भाऊजी. अंगात सूट, टाय खिशात कोंबलेला, बूट चिखलाने भरलेले. बसस्टॉपवरून चालत आले होते. हातात पाकीट.

"वहिनी, दार रुंद होणार," म्हणाले. "चार बोटं. आणि धरायला मूठ. मी त्यांच्यासमोर पाठमोरा बसून दाखवलं, मांडीवर तुमचा रिकामा डबा घेऊन. तिघेही साहेब हसले. मग त्यांतले जाडे साहेब स्वतः बसले, आणि त्यांना उतरता येईना. दोघांनी हात देऊन ओढून काढलं."

ह्यांनाही हसू फुटलं. "मग विभाग वाचला तुमचा?"

"नाही. तो बंद झाला. दार दुसरे लोक करतील. म्युनिकला एके ठिकाणी बोलावलंय, बघू."

मी विचारलं, "आणि भाऊजी, गाडी?"

"विकली."

"कंपनीकडे अडकलेले पैसे येतील ना तुमचे? मग कशाला विकलीत?"

"ते येतील तेव्हा येतील. त्यासाठी तुमच्या आईने भिंत धरून का चालायचं?" मग बुटांकडे पाहत म्हणाले, "घेणारा सारखा विचारत होता, गाडी सहा वर्षांची आणि मागची सीट इतकी कोरी कशी? म्हटलं, परवाच्या रविवारी एक बाई बसल्या होत्या, त्याआधी कोणी बसलंच नाही. त्याने पन्नास युरो वाढवून दिले."

हे खुर्चीवरून उठले आणि ती खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. मी ताट वाढायला घेतलं. एवढ्या वर्षांत भाऊजी आमच्या घरात जेवले नव्हते, डबा घेऊन दारातूनच जायचे.

"आधी मोजा," ते पाकीट पुढे करत उभ्यानेच म्हणाले.

"राहू दे हो, भाऊजी."

"मोजा, वहिनी. त्याशिवाय मी बसणार नाही."

मी ओट्यापाशी उभी राहून मोजले. नोटांना पेट्रोलचा वास येत होता. सातशे अठ्ठावीस, पुरे होते. तसं मी सांगितलं, तेव्हा ते खुर्चीवर टेकले.