केळ्याच्या सालीबद्दल झुलाल आबांचं मत

यशोदाबाईंनी दुपारीच नवऱ्याला बजावलं होतं. "आज पाव्हण्यांसमोर सिनेमा, टीव्ही, विनोद, यातल्या एकाही गोष्टीवर तोंड उघडायचं नाही. ते हसले का तुम्ही हसायचं. बस."

"आन हसू नाही आलं तर?" झुलाल आबांनी विचारलं.

"काढायचं."

तर हे झुलाल आबा. पहूरजवळच्या त्या गावात पहिला टीव्ही आला तो त्यांच्या घरी, केळीला भाव चांगला मिळाला त्या साली. तेव्हापासून विनोदी मालिका लागली की अर्धं गाव आबांच्या बैठकीत येऊन बसे आणि आबांच्या तोंडाकडे बघे. आबा कधी हसत नसत, पण मत देत. 'हा जमला', 'हा ओढूनताणून आणला', 'हा माणूस बोलायच्या आधीच स्वतः हसतो, याले पाणी पाजून घरी पाठवा.' सकाळी पारावर लोक विचारत, "आबा, काल कसा होता?" आणि आबांनी 'बरा होता' म्हटलं तर काही भाबडी माणसं तेव्हा कुठे हसून घेत.

आबांचा खरा राग होता तो केळ्याच्या सालीवरून पडणाऱ्या माणसावर. "जन्म गेला माझा केळीत," ते म्हणत. "वावरात सालीच साली. मी नाही पडलो, माझा बाप नाही पडला, बैलसुद्धा नाही पडला. आन हा सुटाबुटातला माणूस एका सालीवर उताणा? ज्यानं हे लिहिलं त्यानं केळीचं झाडच पाह्यलं नाही."

हे सगळं ऐकायला मौजेचं, पण लेकीचं लग्न व्हायचं असेल तर महाग. ललिताचं मागचं स्थळ याच पायी गेलं होतं. मुलाचा बाप टीव्हीपुढे पोट धरून हसला आणि आबांनी त्याला शांतपणे विचारलं, "यात हसण्यासारखं काय व्हतं, तेवढं समजून सांगा." त्या बिचाऱ्याला सांगता येईना. तो लालबुंद झाला, चहा अर्धा टाकून गेला आणि निरोप आला की पत्रिका जुळत नाही.

आता चाळीसगावचे भिकन नाना येत होते, मुलगा सुकदेव याला घेऊन. स्थळ सोन्यासारखं. मध्यस्थ रतिलालभाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं की नाना म्हणजे हसरा माणूस, विनोदाचा भारी शौकीन.

आबांना कुठे हसायचं ते कळणार नाही, ही यशोदाबाईंची रास्त भीती. म्हणून खूण ठरली. त्या आतल्या दाराशी बसणार. पाहुणे हसले की बांगड्या वाजवणार. बांगड्या वाजल्या की आबांनी हसायचं.

पाहुणे संध्याकाळी आले. ललिताने पोहे आणले, खाली मान घालून नाव-शिक्षण सांगितलं आणि आत गेली. केळ्यांची फणी मधोमध ठेवली होती. मालिका लागली. रतिलालभाऊ खुशीत म्हणाले, "पाहू या आधी. बोलणी काय, होतच राहतील."

सुरुवातीला कुणीच हसलं नाही. आबा वाट बघत होते. तेवढ्यात आत यशोदाबाईंनी चहासाठी आलं ठेचायला घेतलं आणि बांगड्या खणखणल्या. आबांनी मोठ्यांदा हसून टाकलं. पडद्यावर एक म्हातारी दवाखान्यात निजली होती.

नाना दचकले आणि लगेच त्याहून जोरात हसले. पाहुणे हसले म्हणून यशोदाबाईंनी इमानाने बांगड्या वाजवल्या. आबा पुन्हा हसले. म्हणून नाना हसले. म्हणून बांगड्या. त्या म्हातारीचं दुखणं संपेपर्यंत दोघांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. मधे प्रक्षेपणात व्यत्यय आल्याची पाटी आली, तिलाही दोघं खदखदून हसले. सुकदेव बापाकडे असा बघत होता की याला आता घरी कसं न्यायचं.

आणि लाइट गेली.

अंधारात यशोदाबाई कंदील शोधायला उठल्या. बांगड्या वाजल्या. आबा हसले. नानाही हसले. मग नानांचा दमलेला आवाज आला, "आबा, रागे भरू नका, पण आते आपन कसाले हासी राह्यनूत?"

"तुम्ही हसले म्हणून मी हसलो," आबा म्हणाले.

"मी? तुम्ही हासनात म्हनीसन मी हासनू. रतिलालभाऊ बोलना, आबा विनोदना जानकार शेतस, ते हासतीन तठे हासजो, नहीतर पोरगी देवाव नहीत. माले ते काहीच समजनं नही."

रतिलालभाऊंनी अंधाराचा फायदा घेऊन खोकून घेतलं. कंदील आला. आबांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. "टुकार व्हतं ना?" त्यांनी हळूच विचारलं.

"एकदम भंगार," नाना म्हणाले. दोन माणसांनी एकमेकांचे हात धरले. आतून यशोदाबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

इथेच थांबते तर आबा कसले? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा बरोबरीचा माणूस भेटला होता. ते सरसावून बसले. "आन ते सालीवरून पडणं तर पाहूच वाटत नाही."

नानांनी हात सोडवून घेतला. "ते का बरं? पडनं हाऊच तर खरा विनोद शे. बाकी बठ्ठी नुसती बडबड."

"केळीवाल्याच्या घरात बसून हे बोलू नका, नाना. सालीवर माणूस पडत नाही."

"पडस."

"नाही पडत."

"आहो," यशोदाबाई आतून कळवळून म्हणाल्या. पण आबा उठले होते. त्यांनी एक केळं सोललं, खाल्लं, कंदील उचलला आणि सगळ्यांना अंगणात नेलं. साल मातीत टाकली. तिच्यावरून गेले, परत आले, वर उभं राहून दाखवलं. "पडलो?"

नाना काही कच्चे नव्हते. "हाई वावरनी गोट व्हयनी. पिक्चरमा फरशी राहस. आन माणूस वर पाहत, ताठ चालस."

बैठकीत शहाबादी फरशी होती, टीव्ही आला त्याच वर्षी घातलेली. रतिलालभाऊ म्हणाले, "जाऊ द्या ना आबा, मुद्द्याचं बोलू." नाना चपला शोधू लागले होते. ज्या घरात आपला शब्द मानत नाहीत तिथे सोयरीक कशाला करायची, असं काहीतरी ते पुटपुटत होते. दाराआड ललिता उभी होती. तिला सुकदेव आवडला होता, आणि तिचं लग्न एका सालीवर अडकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

"थांबा नाना," आबा म्हणाले. "तुमच्या समोरच निकाल लावतो."

त्यांनी नानांना बैठकीत परत आणून बसवलं आणि आणखी एका केळ्याची ताजी साल फरशीवर ठेवली. धोतराचा सोगा नीट केला, मान वर केली आणि आढ्याकडे बघत साहेबासारखे चालू लागले. पाय सालीवर पडायला आणि लाइट यायला एकच गाठ पडली. टीव्ही एकदम गरजला, आबा दचकले, पाय पुढे गेला आणि आबा मागे राहिले. टोपी भिकन नानांच्या मांडीवर जाऊन पडली.

कुणी हललं नाही. होणारा व्याही पडलाय, हसणार कोण? जन्मभर पडणाऱ्याला हसणारे नानासुद्धा ओठ आवळून छताकडे बघत होते. यशोदाबाईंचे हात गोठले होते, एक बांगडी वाजली नाही.

मग दाराआडून ललिता हसली. तोंडात पदर कोंबूनही थांबेना. इकडे सुकदेवने बापाच्या खांद्यामागे तोंड लपवलं आणि तोही फुटला. एक थांबलं की दुसऱ्याचं ऐकून पुन्हा सुरू. नाना मुलाकडे बघतच राहिले.

"मन्हा पोऱ्या घरमा कधीच हासस नही," ते म्हणाले. त्यांनी टोपी झटकली, वाकून आबांच्या डोक्यावर नीट बसवली आणि हात दिला. "उठा, व्याही. ठरनं."

आबा कंबर धरून उठले. "ठरलं ते बरं झालं," ते म्हणाले. "पण फरशी ओली व्हती."

सकाळी आबा लंगडत पारावर आले. लोकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आबा, काल कसा होता?"

आबा जपून, एका कुशीवर टेकले आणि थोडा विचार केला.

"भंगार," ते म्हणाले. "शेवट तेवढा जमला."