सरावाचं मांजर

मानसशास्त्राच्या बाईंनी पहिल्या वर्षाच्या वर्गात एकेकाला उभं करून या वर्षाचं ध्येय विचारलं, तेव्हा पुढच्या बाकांवरच सगळी ध्येयं भराभर संपली. कोणाला आत्मविश्वास वाढवायचा होता, कोणाला समाजासाठी काहीतरी करायचं होतं. एका मुलाला ही दोन्ही कामं करून शिवाय वजनही कमी करायचं होतं. बारकीची पाळी येईपर्यंत बरंसं असं काही शिल्लक राहिलं नव्हतं. नाइलाजाने ती खरं बोलली.

“मला नाही म्हणायला शिकायचंय.”

बाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

“वा! याला म्हणतात स्वतःला ओळखणं. टाळ्या वाजवा रे सगळ्यांनी. आणि हे बघ, तास संपला की मागच्या खुर्च्या तेवढ्या वरच्या हॉलमध्ये नेऊन ठेवशील?”

“हो बाई,” बारकी म्हणाली.

बारकी हे तिचं घरचं नाव. घरात सगळ्यांत धाकटी म्हणून बारकी. पुढे ती उंचीने वडिलांच्याही वर गेली, पण नाव बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही आणि तिनेही कधी विषय काढला नाही. कॉलेजात तरी ते मागे राहील असं तिला वाटलं होतं. पण पहिल्याच दिवशी बाकावरच्या शेजारणीने “घरी काय म्हणतात गं तुला? आम्हीही तेच म्हणू का?” असं विचारलं आणि बारकी हो म्हणून बसली.

ही शेजारीण पंख्याखालची जागा कोणालाही देत नसे, म्हणून तिला सगळे पंखा म्हणत. खुर्च्या वर नेताना ती बारकीच्या मागोमाग मोकळ्या हातांनी जिना चढत होती.

“बारके, नुसतं ध्येय सांगून काय होतंय? सराव पाहिजे. मी तुला काहीतरी मागते, तू सरळ नाही म्हणायचं. चालेल?”

“हो.”

“माझ्या बेडकाच्या आकृत्या काढून देशील?”

बारकी विचारात पडली. ही मुलगी आपला वेळ खर्च करून आपल्यासाठी एवढं करते आहे, आणि तिलाच तोंडावर नाही म्हणायचं?

“देईन की,” ती म्हणाली.

“अगं, नाही म्हणायचं होतं!”

“हो गं. पण तू एवढी मदत करतेयस, मला कसंतरीच वाटलं.”

पंखाला मनापासून वाईट वाटलं. पण बेडूक आयता चालून आला होता, आणि तो परत पाठवण्याइतकं वाईट तिला वाटलं नाही.

बारकीला सराव हवा आहे ही बातमी आठवड्याभरात कॉलेजभर झाली. तिला मदत करायला लोक स्वतःहून येऊ लागले. वजन कमी करायचं ठरवलेल्या मुलाने जिन्याखाली ठेवलेली सायकल रोज पुसशील का म्हणून विचारलं, निव्वळ सराव म्हणून. एका मुलीने आपल्या वाटची ग्रंथालयातली पुस्तकं परत करायला दिली. वाकडं मन कोणाचंच नव्हतं. विचारताना प्रत्येकजण तिला धीर देई, “घाबरू नकोस, म्हण नाही,” आणि ती हो म्हणाली की हळहळत सामान खाली ठेवून जाई.

बारकी राहायला आत्याकडे होती. आत्याचं कपडे बेतून-बसवून देण्याचं दुकान होतं, आणि दुकानाच्या मागेच घर. आत्याकडचा लाकडी पुतळा गेल्या वर्षी मोडला होता. बारकी आल्यावर आत्याने नवा पुतळा घेण्याचा विचार सोडून दिला. कॉलेजातून आली की बारकी स्टुलावर उभी राही आणि आत्या तिच्या अंगावर लोकांचे कोट चढवून टाचण्या लावी. टोचलं तरी बारकी हूं की चूं करत नसे. मोडलेल्या पुतळ्यापेक्षा ही बरी, असं आत्या गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगे.

एके दिवशी आत्याने काळ्या कोटावरचे पांढरे केस वेचता वेचता विचारलं, “बारके, हे मांजर कोणाचं?”

“वर्गातल्या एकाचं. सरावाचं आहे.”

“म्हणजे?”

“मी त्याला नाही म्हणायचं होतं.”

आत्याने मांजराकडे पाहिलं. मांजर इस्त्री केलेल्या पँटींवर झोपलं होतं.

हे सगळं बारकीने हसत सोसलं असतं. पण कॉलेजच्या नाटकासाठी निवडचाचणी जाहीर झाली आणि तिला शाळेतली नाटकं आठवली. शाळेच्या प्रत्येक नाटकात बारकीने पडदा ओढला होता. कोणीतरी ओढायला हवा होता, आणि कोण ओढतं असं बाईंनी विचारलं की वर्ग तिच्याकडे पाही. दोरी धरून विंगेत उभ्या असलेल्या बारकीला सगळ्यांची वाक्यं पाठ असत. एकदा तरी उजेडात उभं राहून त्यातलं एक वाक्य आपण म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. नाही म्हणायला शिकायचं होतं तेसुद्धा याचसाठी. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं.

निवडीच्या दिवशी ती हॉलपाशी वेळेआधी पोचली. दारातच एका मुलीने विचारलं, “मी आत जाऊन येईपर्यंत माझी पिशवी धरशील?” पिशवी धरलेली पाहून दुसऱ्या मुलीने छत्री दिली. सगळ्यांच्या वस्तू ज्याच्या त्याला परत करून बारकी आत गेली, तेव्हा तिसऱ्या वर्षाचा दिग्दर्शक खुर्च्या उचलत होता. त्याला कोणी नाही म्हटल्याचं कॉलेजात कोणाला आठवत नव्हतं.

“अरेरे, सगळी कामं वाटून झाली,” तो म्हणाला. मग त्याने तिच्या उंचीकडे पाहिलं. “पडदा ओढशील?”

“हो,” बारकी म्हणाली, आणि घरी येऊन कपडे बदलायच्या खोलीत पडदा लावून रडली.

आत्याने बाहेरून ऐकलं. संध्याकाळी तिने बारकीला स्टुलावर न चढवता स्वतःशेजारी बसवून घेतलं.

“मी गिऱ्हाइकाला कशी नाही म्हणते, पाहिलंयस?”

बारकीने पाहिलं होतं. “उद्यापर्यंत मिळेल?” असं कोणी विचारलं की आत्या मान वर न करता “अंहं” म्हणे, आणि माणूस निमूट परवा येई.

“त्यात माझं काही कर्तृत्व नाही. तोंडात टाचण्या असतात. टाचण्या धरून हो म्हणता येत नाही, तोंड उघडावं लागतं. अंहं मात्र मिटल्या ओठांनी होतं. धर.”

बारकीने टाचण्या ओठांत धरल्या. एक गृहस्थ पँट आजच द्याल का म्हणून आले. “अंहं,” बारकी म्हणाली. गृहस्थ गेले. एका बाईंना बाही फुकट आखूड करून हवी होती. “अंहं.” त्याही गेल्या. बारकीच्या गालांवर रंग चढला. अंधार पडेपर्यंत तिने अर्ध्या गल्लीला परत पाठवलं, आणि आत्याला आता हिला आवरावं की काय असं वाटू लागलं.

तेवढ्यात फोन वाजला. बारकीने तो उचलून कानाला लावला.

“दिग्दर्शक बोलतोय. आमची एक मुलगी पाय मुरगळून घरी बसलीय. तिचं काम तू करशील का? स्टेजवर यायचंय.”

“अंहं,” बारकी म्हणाली.

“नाही?” दिग्दर्शकाने विचारलं.

बारकीचे डोळे विस्फारले. तिने टाचण्या काढायला हात नेला, एक टाचणी बोटात घुसली. “अंऽहं!” ती कळवळून म्हणाली.

“बरं, बरं. ओरडू नकोस,” दिग्दर्शक म्हणाला, आणि फोन बंद झाला. तिने लगेच उलट फोन लावला, पण तो तालमीत गेला असावा, त्याने उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळा वर्ग उभा राहिला. फळ्यावर फुलं काढली होती. साक्षात दिग्दर्शकाला नाही म्हणणारी मुलगी, आणि तीही ओरडून! पंखाने तिला त्या दिवसापुरती पंख्याखालची जागा देऊ केली.

“अगं, पण मला ते काम हवंय,” बारकी रडवेली होऊन म्हणाली. “मी आत्ता जाऊन त्याला सांगणार आहे.”

“वेडी आहेस का?” पंखा म्हणाली. “आयुष्यातलं पहिलं नाही, आणि ते मागे घेणार?”

“माझं मांजर काय मी उगाच दिलं होतं?” मांजरवाला दुखावला गेला. “मला त्याच्याशिवाय करमत नाही.”

“किती जणांनी तुझ्यासाठी वेळ काढला!” सायकलवाला म्हणाला.

गोंगाट ऐकून मानसशास्त्राच्या बाई आत आल्या. प्रकार समजल्यावर त्यांनी बारकीच्या खांद्यावर हात ठेवला. “यालाच मी ध्येय गाठणं म्हणते. आता तू आपल्या निर्णयावर ठाम राहणार. हो ना?”

वर्ग तिच्याकडे पाहू लागला. शाळेत पाहत तसाच. बारकीच्या ओठांवर हो आलाही होता. पण बोट अजून ठणकत होतं.

“नाही,” ती म्हणाली.

तोंडात टाचण्या नव्हत्या. बाईंचा हात खांद्यावरून आपोआप खाली आला. बारकी दाराबाहेर पडली आणि पाहण्यासारखं काहीतरी होणार म्हणून पंखा तिच्यामागे धावली.

दिग्दर्शक हॉलमध्ये एकटाच बसला होता.

“मला ते काम करायचंय,” बारकी एका दमात म्हणाली.

“काल नाही, आज हो. उद्या परत बदलशील?”

“नाही.”

“मग पडदा कोण ओढणार?”

बारकीने मागे वळून पाहिलं. पंखा दाराला टेकून उभी होती.

“पंखा, पडदा ओढशील?” बारकीने विचारलं. “घाबरू नकोस. सराव म्हणून विचारतेय.”

“हो,” पंखाच्या तोंडून निघून गेलं, आणि दिग्दर्शकाने ते लगेच धरून ठेवलं.

नाटकाच्या दिवशी आत्या दुकान लवकर बंद करून पहिल्या रांगेत येऊन बसली. तिच्या मांडीवरच्या टोपलीत मांजर होतं. त्याला परत न्यायला मालक आला होता, पण आत्याने त्याला “अंहं” म्हटलं होतं. पडदा अडखळत, अर्ध्यात थांबत, शेवटी एकदाचा वर गेला. उजेडात, हातात तबक घेऊन बारकी उभी होती.

एका हुकूम सोडणाऱ्या श्रीमंत बाईच्या मोलकरणीचं काम होतं ते. वाक्य एकच होतं, पण ते नाटकभर पुन्हा पुन्हा यायचं.

“हो, बाईसाहेब,” बारकी म्हणाली.

पहिल्याच वेळी प्रेक्षागृह हसलं. दुसऱ्या वेळी टाळ्या पडल्या. मग ती तोंड उघडायच्या आधीच लोक सरसावून बसू लागले. इतका मनापासूनचा, इतका बिनतक्रार हो या हॉलमध्ये कोणी ऐकला नव्हता. विंगेत दोरी धरून उभी असलेली पंखा ते वाक्य तिच्याबरोबर पुटपुटत होती.

“काय नैसर्गिक बोलते हो ती मुलगी!” आत्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या. “कुठे शिकली असेल?”

आत्याने टोपलीतलं मांजर आत दाबलं.

“शिकली कुठली?” ती म्हणाली. “लहानपणापासूनचा सराव आहे.”