टायमिंग बेल्ट बदलण्याबाबत

जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही, तिच्याविषयी निर्णय घेण्याची घाई सुज्ञ माणूस करत नाही. आमच्या घरात सुज्ञ माणसे तीन: थोरले दादा, मधले भाऊ आणि मी. तिघांत मिळून गाडी एक. तिच्या इंजिनात, काळ्या झाकणामागे, दातेरी रबराचा एक पट्टा असतो आणि तो सगळ्या यंत्राला एका तालात फिरवतो, ही माहिती आम्हाला गाडी घेतल्यावर सहा वर्षांनी मिळाली. (तोवर इंजिन आपापल्या समजुतीने फिरते, असा आमचा अंदाज होता.)

माहिती गॅरेजच्या मिस्त्रींनी दिली. आम्ही ऑइल बदलायला गेलो होतो. त्यांनी मीटर पाहिला. चौऱ्याण्णव हजार.

"टायमिंग बेल्ट कधी बदललात?"

दादांनी माझ्याकडे पाहिले, मी भाऊंकडे, भाऊंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"म्हणजे बदललाच नाही," मिस्त्री म्हणाले. "लाख किलोमीटर किंवा पाच वर्षं, जे आधी होईल ते."

"पण लाख कुठे झालेत?" दादा म्हणाले.

"अहो, पाच वर्षं आधी झाली ना."

"ते योगायोगानं. आम्ही लाखच धरून चाललो होतो."

मिस्त्रींनी हात पुसले. "तुटला तर व्हॉल्व्ह वाकतील, इंजिन उघडावं लागेल. आणि तुटायच्या आधी तो काही आवाज करत नाही."

"आवाज नाही, म्हणजे तक्रार नाही," दादांनी नोंदवले.

दादांनी अठ्ठावीस वर्षे एका मोठ्या कार्यालयात काढली. त्यांच्या टेबलावरून एकही कागद घाईने पुढे गेला नाही. काही तर त्यांच्यासोबतच निवृत्त झाले. असा अनुभवी माणूस घरात असल्यावर समिती नेमली जाणे ओघाने आलेच. दादा अध्यक्ष, भाऊ सचिव, मी सदस्य. वहिनींना, म्हणजे दादांच्या पत्नीला, घेण्याचाही विचार झाला होता. परंतु त्या बावीस किलोमीटरवरच्या शाळेत गणित शिकवतात आणि तीन सहकारी शिक्षिकांना बसवून रोज तीच गाडी चालवतात. त्यामुळे त्यांचे मत निःपक्षपाती राहिले नसते.

पहिली बैठक शनिवारी दुपारी झाली व रंगली. गाडीची पुस्तिका उपलब्ध नसल्याने विषय पुढे ढकलण्यात आला. नंतर ती फ्रिजच्या पायाखाली सापडली. (फ्रिज तेव्हापासून किंचित वाकून उभा असतो.)

पुस्तिकेत 'खडतर परिस्थितीत बेल्ट लवकर बदलावा' असे होते. आपली परिस्थिती खडतर आहे काय, हे ठरवण्यासाठी भाऊंनी आठवडाभर रस्ता पाहिला. आढळलेले खड्डे एकशे त्रेचाळीस. पैकी खड्डे म्हणण्याजोगे अकरा. बाकी रस्ताच तसा.

मग मी सतरा गाडीवाल्यांना फोन केले. नऊ जण म्हणाले, "चालतंय की!" चौघांनी बेल्ट म्हणजे काय ते विचारले. तिघांनी बदलायची वेळ येताच गाडीच विकली होती. एकाने फोन आपटला. (त्याचा आदल्याच आठवड्यात तुटला होता. ती नोंद भावनिक ठरवून वगळली.)

असे पाच महिने गेले आणि मीटरवर लाख झाले. आता काय, म्हणून मी चिंतेत होतो. दादा मात्र शांत होते.

"मुदत होती तोवर बदलता आला असता," ते म्हणाले. "आता मुदत संपली. मुदत संपल्यावर बदलणं नियमात बसत नाही."

प्रत्यक्ष चाचणी म्हणून आमच्या ताईकडे जायचे ठरले. तीनशे किलोमीटर, मधे मोठा घाट. दादा चालवत होते. चढाला इंजिन गुरगुरले की भाऊ डोळे मिटायचे आणि मी दाराची कडी धरायचो. समितीत आपण मान का हलवत बसलो, असेही एका वळणावर मनात येऊन गेले. वहिनी मात्र मागच्या सीटवर गाढ झोपल्या होत्या. त्यांचा समितीवरचा हा विश्वास पाहून मला भरून आले.

आम्ही सुखरूप पोहोचलो. ताईच्या जेवणाच्या टेबलावर दादांनी ठराव मांडला: 'सदर बेल्ट कायमस्वरूपी टिकणारा असल्याचे सिद्ध झाले आहे.' भाऊंनी अनुमोदन दिले.

"तो बेल्ट मी बदलून घेतलाय," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या.

"कधी?" दादांचा घास हातातच राहिला.

"तुमची पहिली बैठक चालू होती तेव्हा. मी गॅरेजला गेले, चार तास बसले, वह्या तपासल्या, परत आले. तुम्ही तेव्हा तिसऱ्या मुद्द्यावर होतात. वॉटर पंपही बदललाय."

"अगं, मग सांगायचं नाही का?"

"अहो, सचिवांकडे लेखी दिलं होतं. पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले."

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. दादांनी पाण्याचा एक घोट घेतला आणि इतिवृत्तात दुरुस्ती सांगितली: 'समिती स्थापन झाल्यापासून अवघ्या चार तासांत बेल्ट बदलण्यात आला.' ठराव एकमताने मंजूर झाला. वहिनींचे आभार मानायचे राहिले, ते पुढच्या बैठकीत घेऊ.

आपण हसला असाल तर आनंदच आहे. आता आपल्या गाडीचा बेल्ट शेवटचा कधी बदलला, ते आठवून पाहा. आठवत नसेल तर दोनच शक्यता उरतात. एक, आपल्या घरात आमच्या वहिनींसारखे कुणीतरी आहे. दुसरी, ते कुणीतरी आपणच असायला हवे होते.