सरांची लेखी सूचना

बदनापूर ते जालना हे अंतर इंद्रभान सरांनी मोजणीच्या चाकाने दोनदा मोजले होते. एकवीस किलोमीटर, वर शंभर मीटर. तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या सरांना अंदाज ही गोष्टच मान्य नव्हती. पत्नी मनीषाबाई कर्करोगातून बऱ्या झाल्या, तेव्हापासून त्या रोगाच्या संशोधनासाठी धावायचे त्यांच्या मनात होते. जालन्याचे कापूस जिनिंगवाले अण्णासाहेब त्यासाठी पन्नास हजार देणार होते. अट एकच : सगळे अंतर सरांनी स्वतःच्या पायांनी कापायचे.

धावेच्या दिवशी सहाव्या किलोमीटरला त्यांचा जुना विद्यार्थी कडूबा मोटारसायकल घेऊन आडवा आला.

"सर, काय झालं? कोन गेलं?"

"कोणी गेलं नाही. मी धावून राह्यलो."

"गाडी बंद पडली का?"

"नाही रे बाबा! कॅन्सरसाठी धावतोय."

कडूबाचा चेहरा उतरला. "कोनाला झाला?"

"मनीषाला झाला होता, पण आता..."

"मंग बोलत काय बसले? बसा जल्दी!" असे म्हणत त्याने चहाच्या टपरीवरच्या दोघांना हाक मारली. त्या दोघांनी सरांना अलगद उचलून मागच्या सीटवर ठेवले.

गाडी थांबवेपर्यंत दोन किलोमीटर गेले होते. सर उतरले आणि मागे पळू लागले. जिथून उचलले, तिथूनच पुन्हा सुरुवात करणे भाग होते.

"सर, उलटे का निघाले?" शेताच्या बांधावरून गिरिजाबाईंनी विचारले. "घरी काही इसरलं का? थांबा, आमचा ट्रॅक्टर निघूनच राह्यला!"

सरांचा संयम तिथे संपला. मागोमाग आलेल्या कडूबाला त्यांनी खिशातला कागद काढून सूचना लिहून दिली : 'आज मला कोणीही कोणत्याही वाहनात बसवू नये. मी स्वतः विनंती केली तरीही नाही.' खाली सही, तारीख आणि वेळ.

"हे सगळ्यांना कळव. बिलकुल अपवाद नको."

"बराबर, सर."

पुढे रस्ता खरोखरच मोकळा झाला. भर उन्हात सर जालन्यात पोचले. अण्णासाहेबांनी तिथल्या तिथे चेक लिहिला. आधीच तिथे येऊन थांबलेल्या मनीषाबाईंनी पदराने डोळे टिपले, आणि मग नवऱ्याच्या पायांकडे पाहिले. ते पाय आता एक पाऊल टाकायलाही तयार नव्हते.

"कडूबा, बदनापूरला घरी सोड रे बाबा," मागोमाग गाडी घेऊन आलेल्या कडूबाला सर म्हणाले.

कडूबा दोन पावले मागे सरकला. "न्हाई सर. लेखी हाय."

"अरे, धाव संपली!"

"त्याच्यात 'आज' लिव्हलंय, सर. रिक्षावाल्यांनाबी पाठवलंय, आपल्या बॅचच्या ग्रुपवरबी टाकलंय. तुम्हीच शिकवलं ना, सूचना पुरी वाचायची म्हणून?"

सरांनी रिक्षांकडे हात केला. तिन्ही रिक्षावाल्यांनी अदबीने नमस्कार केला, पण ते जागचे हलले नाहीत.

मनीषाबाई मात्र पदर खोचून कडूबाच्या मागे बसल्या.

"माझं नाव न्हाई ना कागदावर? मंग चल बाबा. अहो, मी पुढं होऊन चहा ठेवते. या तुम्ही सावकाश!"